काटा अडतो तेव्हा
"भात निम्मा केला, रोज चालतो, तरी वजन तेवढंच!" सफाळ्याहून पहाटेची लोकल धरणाऱ्यांची ही तक्रार खरीच असते. वजन थोडं उतरलं की शरीर ऊर्जेचा खर्चही आवरतं. तेवढ्याच चालण्यात मग कमी कॅलरी जळतात. त्यात अपुरी झोप भूक वाढवते. शिवाय भाजीत पडलेलं तेल कुणी मोजत नाही. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात, त्या जाळायला अर्धा तास तरी चालावं लागतं.

पण काट्यावरच सारी भिस्त का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी मांडली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! आपल्याकडे चरबी पोटाभोवती साठते, म्हणून टेप अधिक खरं सांगते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या, स्त्रियांची ८० च्या आत हवी. व्यायामाने स्नायू वाढले तर वजन जागेवर राहूनही कंबर उतरते. तीही हलत नसेल, थकवा असेल, पाळी अनियमित असेल, तर उपास वाढवू नका. डॉक्टरांकडून थायरॉइड तपासून घ्या.