चावी न फिरवण्याचा दिवस

कॅम्पर व्हॅनच्या लांब प्रवासातला विसाव्याचा दिवस म्हणजे गाडीची चावी न फिरवण्याचा दिवस. अंथरूण आणि चूल गाडीतच असली की माणूस रोज पुढे सरकत राहतो. थांब म्हणणारे कोणी नसते. पायी वारीला थांबण्याचे हे भान जुने. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री थांबते. शेगावहून हिंगोली जिल्ह्यातून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखीही अकोल्यात दोन मुक्काम करते. पगारी चालकांना १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि आठवड्याला एक सुट्टी दिली. हौशी चालकाने हा नियम स्वतःच स्वतःला लावून घ्यायचा.

अकोल्याहून नांदेडकडे जाताना हिंगोली जिल्हा अशा थांब्याला सोयीचा. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात वीज, पाणी, सांडपाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पार्क नसेल तिथे भक्तनिवास, लॉज किंवा धाब्याच्या मालकाला विचारून जागा घ्यावी. दुसऱ्या दिवशीही दिवसभर थांबणार, नळ आणि प्लग लागेल, त्याचे पैसे देऊ, हे आधीच सांगितलेले बरे. गावाकडच्या मोकळ्या जागेवर मात्र न विचारता गाडी घालू नये. हा हळदीचा पट्टा आहे. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. उन्हाळ्याच्या तोंडाशी शिजवलेली हळद उघड्यावर वाळत घालतात, आणि रात्री रिकामी दिसलेली जागा सकाळी कोणाला तरी वाळवणासाठी हवी असते.

विसाव्याची सकाळ गाडीची. टायरमधली हवा टायर गार असतानाच खरी कळते. चालून आलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची हवा उठल्या उठल्या तपासावी. दिवे, पंखा आणि फ्रिज चालवणारी वेगळी बॅटरी बहुतेक गाड्यांत इंजिन चालू असताना चार्ज होते. गाडी उभी राहिली की तिला सौर पॅनेल किंवा बाहेरची वीज लागते, आणि मे महिन्यात इथेच पेच पडतो: पारा चाळिशीपार गेलेला, गाडीला कडुनिंबाची सावली हवी आणि पॅनेलला ऊन. अशा वेळी सावली निवडावी आणि प्लगचे पैसे मोजावेत. तापलेल्या पत्र्याखाली झोप लागत नाही. शौचालयाची टाकी शौचालयातच रिकामी करावी, ओढ्यात नव्हे.

उरलेला दिवस माणसांचा. तो गाडी घेऊन स्थळे उरकण्यात घालवला, तर विसावा राहिला बाजूलाच. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्यात गाडी लावली असेल तर नागनाथ मंदिर पायी गाठता येते. या ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला अरुंद वाटेने खाली गाभाऱ्यात उतरावे लागते. रांगेतले लोक दर्शन घेऊन थेट बाहेर पडतात. बाहेरच्या भिंतींवरचे दगडी कोरीवकाम मात्र फेरी मारून सावकाश पाहण्याजोगे आहे. नंदी इथे देवळाच्या मागे आहे. कीर्तनात दंग नामदेवांसाठी देऊळच फिरले, ही कथा त्यावरूनच सांगतात. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात असल्याने तिथे शीख भाविकही येतात. तिथे जायचे तर एसटी किंवा भाड्याची रिक्षा बरी.

महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी औंढ्यात मोठी गर्दी असते. तेव्हाचा मुक्काम हिंगोली शहरातच धरावा.