गल्ल्यांतून जमवलेली गाडी

मुंबईत ठाकूरद्वारच्या नाक्यावरून निघून पायी फिरत एक आख्खी मोटार जमवता येते. उत्तरेला ऑपेरा हाउसच्या बाजूला सुट्या भागांची दुकानं आहेत. डॉ. बाबासाहेब जयकर मार्गाने पूर्वेला गेलं की सी. पी. टँक, गुलालवाडी, कीका स्ट्रीट या भागात पाइप, पत्रा आणि सळ्यांचे व्यापारी बसतात. नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्ट, बेअरिंग, हत्यारं. वायरी आणि स्विच हवे असतील तर लोहार चाळ. स्वतःची गाडी स्वतः बांधायची उमेद धरणाऱ्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला या पट्ट्याइतकी सोयीची जागा देशात फार थोडी असेल.

विलायतेत हे सगळं एका खोक्यात मिळायचं. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने 1957 मध्ये ‘लोटस सेव्हन’ ही गाडी सुट्या भागांच्या संचात विकायला काढली. तयार मोटारीवर तिथे खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. त्यामुळे बेताच्या पगारातला माणूसही शनिवार-रविवारी गॅरेजात खपून स्पोर्ट्स कार उभी करू शकायचा. पुढे रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने याहून मोलाचं काम केलं. औंडल या गावातल्या शाळेत त्याने मुलांकडून अशी गाडी बांधून घेतली, आणि अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी करायची याचं पुस्तक 1996 मध्ये लिहिलं. चौकोनी पाइपांची चौकट, एखाद्या जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन आणि अ‍ॅक्सल, एवढ्यावर ती गाडी उभी राहते. त्या पुस्तकावरून जगभर लोकांनी गाड्या बांधल्या.

आपल्याकडे अशी गाडी बांधता येते, पण रस्त्यावर आणता येत नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या नमुन्याच्या गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी देऊन मान्यता घ्यावी लागते. तो खर्च कारखान्याला झेपतो, एकट्या कारागिराला नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे या गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या घरात. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रा यांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं आणि त्याच वेळी सांगितलं, की नियमात बसत नसल्याने आज ना उद्या ही गाडी अडवली जाईल. तिच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ, असंही ते म्हणाले. पुढच्याच महिन्यात लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. गोष्ट आनंदाची आहे. तरी त्या हातांना आणखी एक गाडी बांधायला मिळाली असती तर मला जास्त आनंद झाला असता.

विद्यार्थ्यांना मात्र एक वाट मोकळी आहे, ती म्हणजे स्पर्धेची. अमेरिकेत 1981 मध्ये टेक्सास विद्यापीठात फॉर्म्युला एसएई ही विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा सुरू झाली, 1998 मध्ये ब्रिटनमध्ये तशीच फॉर्म्युला स्टुडंट आली. आपल्याकडे 2007 मध्ये इंदूरजवळच्या पीथमपूरला बाहा एसएई इंडिया भरली. बाहा म्हणजे खाचखळग्यांतून धावणारी एकसीटी गाडी. तेव्हा सगळ्यांना इंजिन एकच असे, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं दहा हॉर्सपॉवरचं, त्यामुळे बाकीच्या गाडीत डोकं चालवल्याशिवाय सुटका नसे. गिअरबॉक्स बरेच संघ महिंद्रा अल्फा या तीनचाकी टेम्पोचा बसवतात. तो दणकट असतो, आणि त्याचे भाग कुठेही मिळतात.

फॉर्म्युला स्टुडंटची गाडी जमिनीला लागून धावते. मुंबईत विद्याविहारच्या सोमय्या कॉलेजची ओरायन रेसिंग, आयआयटी मुंबईचा विजेच्या गाड्या करणारा संघ, पार्ल्याच्या संघवी कॉलेजचा संघ अशी नावं या खेळात परिचयाची आहेत. माटुंग्याच्या व्हीजेटीआयची मुलंही यात उतरतात. ती संस्था 1887 मध्ये भायखळ्यात सुरू झाली आणि 1923 मध्ये माटुंग्याला गेली. गिरण्यांच्या मुंबईला हाताने काम जाणणारी माणसं तिने पुरवली, तेव्हा हे काम तिच्या वारशाला शोभणारंच आहे.

फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीचा जीव तिच्या पाइपांत असतो. चालकाच्या डोक्यामागे जी कमान असते, तिला रोल हूप म्हणतात. गाडी उलटली तर वजन तिच्यावर येतं. ही कमान एक इंची पोलादी पाइपाची करायची तर पाइपाची जाडी साधारण 2.4 मिलिमीटर लागते. बाजार बोलतो इंच, सूत आणि गेजमध्ये. मुलगा दुकानात जाऊन ‘एक इंची, तेरा गेज, सीमलेस’ मागतो. आता तेरा गेज एका जुन्या इंग्रजी कोष्टकाप्रमाणे 2.41 मिलिमीटर भरतं, दुसऱ्याप्रमाणे 2.34. फरक केसाएवढा, पण दुसरा पाइप नियमात बसत नाही. स्पर्धेत कमानीला साडेचार मिलिमीटरचं भोक पाडून जाडी तपासतात, तिथे दुकानदाराचा शब्द चालत नाही. म्हणून जाणता विद्यार्थी खिशात व्हर्निअर घेऊन जातो, पाइपाचं टोक कानशीने साफ करतो, तीन-चार जागी मोजतो, आणि मगच पैसे देतो. पुस्तकातला टॉलरन्स त्याला दुकानाच्या फळीवर उमगतो.

पाइप आणल्यावर खरी मेहनत. एका पाइपाचं तोंड दुसऱ्याच्या गोलाईवर नेमकं बसावं म्हणून त्याला माशाच्या तोंडासारखी खाच घ्यावी लागते. फट राहिली तर टाका कमकुवत होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट ओढली जाते, म्हणून आधी ती जिगच्या साच्यात जखडून सगळीकडे नुसते ठिपके मारतात आणि मग समोरासमोरचे सांधे आलटून पालटून भरतात. हे एकदा हाताने केलं की पोरं आयुष्यभर विसरत नाहीत.

कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर याच गाड्यांची फॉर्म्युला भारत ही स्पर्धा भरते. तिथे गाडी आधी 60 अंशांत कलंडवून पाहतात, तेल-पेट्रोल गळता कामा नये. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं अडकली पाहिजेत. चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. शेवटी 22 किलोमीटरची एंड्युरन्स, मध्यावर चालक बदलून. तापलेलं इंजिन बंद करून परत चालू करायचं असतं, आणि कित्येक गाड्या तिथेच रुसतात. हजार गुणांच्या या स्पर्धेत वेगाखेरीज रचना, खर्चाचा हिशेब आणि व्यवसायाची मांडणी यांनाही गुण असतात. प्रत्येक बोल्ट का निवडला, हे परीक्षकांसमोर सांगावं लागतं.

मला खटकतं ते इतकंच, की हे सगळं इंजिनीअरिंग कॉलेजांपुरतं राहिलं आहे. तिथे प्रायोजक मिळतात, परदेशी स्पर्धांचे खर्च उभे राहतात. औंडलचा शिक्षक तर शाळकरी मुलांना घेऊन बसला होता. आपल्याकडे टेक्निकल हायस्कुलांची जुनी परंपरा आहे. धोबी तलावाजवळचं एल्फिन्स्टन टेक्निकल हायस्कूल ठाकूरद्वारपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आयटीआयमध्ये फिटर आणि वेल्डर घडतात. या मुलांनी बांधलेल्या गाडीला नंबरप्लेट नको, शाळेचं मैदान पुरे. चौकोनी पाइप, एखादं भंगारात निघालेलं दुचाकीचं इंजिन, एक वेल्डिंग सेट आणि दोन वर्षं टिकून राहील असा एक शिक्षक एवढी सामग्री लागेल. यातल्या पहिल्या तीन गोष्टी नाक्यापासून पायी अंतरावर मिळतात. चौथी शिक्षण खात्याने द्यावी.