व्हिएन्ना शहरांतील घरांचा प्रश्न

घरांची टंचाई हे शब्द युरोपखंडांत हल्लीं जिकडे तिकडे कानीं पडतात. लंडन, डब्लिन, लिस्बन, कोठेंही जा; मिळकतीचा मोठा वांटा भाड्यांतच जातो, हीच तक्रार. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील स्थिति त्यांतल्या त्यांत बरी आहे. ती कां, हें समजण्यास शंभर वर्षें मागें गेलें पाहिजे.

१९१० सालीं व्हिएन्नाची वस्ती वीस लक्षांवर गेली होती. कामगारांच्या इमारतींत नळ व शौचकूप खोलीबाहेर, सर्वांस मिळून असत. (चाळींत राहिलेल्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको.) तेवढीही खोली ज्यांस परवडत नसे, ते दुसऱ्याच्या घरांतील नुसती खाट कांहीं तासांपुरती भाड्यानें घेत. रात्रपाळीचा मनुष्य दिवसां निजे. तो कामावर गेला कीं त्याच खाटेवर दुसरा अंग टाकी.

महायुद्ध चालू असतां १९१७ सालीं सरकारनें भाडेवाढीस आळा घातला. भाडेकरूंस आधार मिळाला खरा, परंतु फायदा उरला नाहीं म्हणून मालकांनीं नवीं घरें बांधण्याचें सोडून दिलें. तेव्हां नगरपालिकेनेंच तें काम अंगावर घेतलें. १९२३ सालीं अर्थखात्याचे प्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनीं घरांवर कर बसविला. लहान खोलीवर अगदीं थोडा, हवेलीवर भारी. बहुतांशीं कर्ज न काढतां करांच्या उत्पन्नांतूनच इमारती उठल्या. व्याज द्यावयाचें नसल्यामुळें भाड्यांतून देखभालीचा खर्च निघाला म्हणजे पुरे होई. माझ्या मतें सगळी मेख येथेंच आहे.

१९३४ पर्यंत अशीं साठ हजारांहून अधिक घरें झालीं. त्यांपैकीं ‘कार्ल मार्क्स होफ’ ही इमारत १९३० सालीं पुरी झाली. तिची लांबी एक किलोमीटरहून अधिक, आणि आंत सुमारें १,४०० घरें! तरी जागेच्या पांचव्या हिश्शाहूनही कमी भागावर बांधकाम आहे. बाकी सर्व अंगणें व बागा. धुण्याच्या खोल्या, स्नानगृहें, बालवर्ग, वाचनालय, सर्व कांहीं तेथेंच होतें. १९३४ च्या फेब्रुवारींतील यादवींत तिजवर तोफा डागण्यांत आल्या. पुढें ती दुरुस्त झाली, व आजही तेथें लोक राहतात.

जर्मनीची राजधानी बर्लिन हिनें उलट मार्ग धरला. कर्जानें गांजलेल्या त्या शहरानें २००४ सालीं आपलीं सुमारें ६५,००० घरें खासगी भांडवलदारांस एकदम विकलीं. पुढें वस्ती वाढली, भाडीं चढलीं. २०२० सालीं भाड्यांस मर्यादा घालण्याचा कायदा झाला. तो १५ एप्रिल २०२१ रोजीं घटना-न्यायालयानें रद्द ठरविला.

व्हिएन्नानें घरें राखलीं. आज सुमारें २,२०,००० घरें नगरपालिकेच्या मालकीचीं आहेत. तथापि तेथेंही सर्व आलबेल आहे असें नाहीं. नव्यानें आलेला मनुष्य या घरांस लगेच पात्र होत नाहीं. सामान्यतः दोन वर्षें शहरांत वास्तव्य व्हावें लागतें. तोंवर खासगी मालकाकडे, चढ्या भाड्यानें व पुष्कळदां मुदतीच्या करारावर, त्यास दिवस काढावे लागतात.