रायफलीचे इपॉक्सी बेडिंग

रायफलीचे इपॉक्सी बेडिंग म्हणजे रायफलीची अ‍ॅक्शन आणि दस्ता यांच्यामधील पोकळी इपॉक्सी राळेने भरून अ‍ॅक्शनसाठी तंतोतंत जुळणारी बैठक तयार करण्याची प्रक्रिया होय. अ‍ॅक्शन म्हणजे नळीच्या मागचा, काडतूस आत घेणारा, कोंडणारा आणि डागणारा पोलादी भाग. तो लाकडी किंवा कृत्रिम दस्त्यातील खाचेत ठेवून खालून सहसा दोन स्क्रूंनी आवळलेला असतो. राळेत पूर्वी काचतंतूंचे बारीक तुकडे मिसळत असल्याने या प्रक्रियेला ‘ग्लास बेडिंग’ असेही म्हणतात. अमेरिकेत हे काम व्यावसायिक बंदूक कारागिरांप्रमाणेच अनेक हौशी नेमबाज घरीही करतात.

प्रयोजन

रायफलीची अचूकता ही मुख्यतः पुनरावृत्तीची बाब आहे. गोळी सुटताना पोलादी भाग मागे रेटला जातो, नळी कंप पावते आणि मग सर्व काही पुन्हा जागेवर येते. ते दर वेळी त्याच जागेवर आले, तर एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांची छिद्रे जवळजवळ पडतात. अ‍ॅक्शन खाचेत किंचितही हलत असेल, तर छिद्रे विखुरतात.

धक्का पेलण्याचे काम रिकॉइल लग हा भाग करतो. हा अ‍ॅक्शनच्या पुढच्या टोकाशी खाली उतरणारा पोलादी ठोकळा असून त्याची मागची बाजू दस्त्यावर टेकते. माउझर ९८ या जर्मन रायफलीत तो अ‍ॅक्शनच्याच धातूतून घडवलेला असतो. रेमिंग्टन ७०० मध्ये मात्र तो नळी आणि अ‍ॅक्शन यांच्यामध्ये वॉशरसारखा धरलेला वेगळा तुकडा आहे. लगची मागची बाजू दस्त्याला पूर्ण भिडलेली नसेल, तर प्रत्येक धक्क्याबरोबर अ‍ॅक्शन थोडी सरकते.

दुसरा दोष कमी दिसतो, पण बहुधा अधिक त्रासदायक ठरतो. खाचेचा तळ असमान असेल, तर स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन त्या असमानतेप्रमाणे वाकते. हा बाक डोळ्यांना कळत नाही, परंतु पोलादात ताण साठून राहतो. लाकूड हवेतील ओलावा शोषून तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे हा ताण ऋतूगणिक बदलतो आणि रायफलीचा नेम उगाचच सरकल्यासारखा वाटतो. अमेरिकन मरीन दलाने १९६६ मध्ये स्वीकारलेल्या एम४० या रायफलीचे लाकडी दस्ते व्हिएतनामच्या दमट हवेत वाकडे होत असत. १९७० च्या दशकातील एम४०ए१ या सुधारित आवृत्तीत काचतंतूंचा दस्ता वापरून अ‍ॅक्शन इपॉक्सीत बसवण्यात आली.

पार्श्वभूमी

इपॉक्सी येण्यापूर्वी कारागीर अ‍ॅक्शनला काजळी किंवा निळा रंग लावून ती दस्त्यात दाबून पाहत. जेथे डाग उमटेल तेथील लाकूड तासून हीच क्रिया असंख्य वेळा करत. उत्तम कारागिराच्या हातून झालेले असे काम आजही वाखाणले जाते, परंतु ते लाकडाच्या स्वभावावर मात करू शकत नसे. सीबा या स्विस कंपनीने १९४६ मध्ये ‘अ‍ॅराल्डाइट’ हे इपॉक्सी बाजारात आणले. राळ आणि हार्डनर अशा दोन नळ्यांत मिळणारा हा पदार्थ भारतीय घरांतही परिचित आहे. इपॉक्सी घट्ट होताना फारच थोडे आकसते, दाबाखाली दबत नाही आणि ओलाव्याने फुगत नाही. बैठकीसाठी नेमके हेच गुण लागतात. अमेरिकन लष्कराच्या एम१४ रायफलीच्या ‘नॅशनल मॅच’ या स्पर्धांसाठीच्या आवृत्तीतही असे बेडिंग केले जाई.

कोणत्या रायफलीला गरज असते

बेडिंग हा सर्व दुखण्यांवरचा उपाय नव्हे. दुर्बिणीची सैल पकड, नळीच्या तोंडाशी झालेली इजा किंवा न मानवणारी काडतुसे यांचा दोष पुष्कळदा बैठकीच्या माथी मारला जातो, म्हणून आधी या गोष्टी तपासणे योग्य. ताणाची चाचणी सोपी आहे. नळी आणि दस्त्याचे पुढचे टोक यांच्यामध्ये डायल गेज लावून एकेक स्क्रू हळूहळू सैल करतात. नळी दस्त्यापासून सुमारे ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलली, तर बैठक अ‍ॅक्शनला वाकवत आहे असे समजतात. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यात यंत्राने नेमकी खाच कापलेली असेल, तर बहुधा बेडिंगची गरज पडत नाही.

पूर्वतयारी

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट, मॅगझिन, दुर्बीण आणि चापाची यंत्रणा काढून ठेवतात. दस्त्यातील खाचेतून, विशेषतः लगच्या मागे आणि अ‍ॅक्शनच्या तळाखाली, दोन-तीन मिलिमीटर थर कोरून काढतात, कारण फार पातळ इपॉक्सीचा टवका उडतो. मात्र सगळाच आधार कोरून टाकला, तर अ‍ॅक्शन किती खोल बसवायची याचे मोजमाप उरत नाही. म्हणून मागच्या शेपटीजवळ मूळ पृष्ठभागाचा एखादा भाग राखून ठेवतात. उरलेला पृष्ठभाग खरवडून तेलमुक्त करतात. स्वस्त प्लॅस्टिक दस्त्यांना इपॉक्सी नीट चिकटत नाही. त्यांत बारीक, तिरकी भोके पाडून राळेला पकड दिली जाते.

स्क्रूंखालचे लाकूड कालांतराने दबते. त्यावर उपाय म्हणून स्क्रूंभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्या बसवतात. यालाच पिलर बेडिंग म्हणतात. पिलर आधी बसवावेत की राळेबरोबरच, याबाबत कारागिरांत मतभेद आहेत. नवशिक्यासाठी आधी पिलर आणि ते पक्के झाल्यावर बेडिंग हा क्रम अधिक सुरक्षित दिसतो, कारण पिलरमुळे अ‍ॅक्शनची उंची आपोआप ठरते.

यानंतरचा टप्पा सर्वांत निर्णायक आहे. इपॉक्सी द्रवरूपात प्रत्येक फटीत शिरते. अ‍ॅक्शनच्या एखाद्या भोकात किंवा आतल्या बाजूस वळलेल्या कडेखाली ते शिरून घट्ट झाले, तर पोलाद आणि दस्ता एकमेकांत खिळ्यासारखे अडकतात. याला यांत्रिक अडकण म्हणता येईल. अशा वेळी चिकटू न देणारा लेप लावलेला असूनही उपयोग होत नाही आणि अखेरीस दस्ता फोडावा लागू शकतो. म्हणून चापाची खिडकी, पिनांची भोके आणि सर्व खोलगट जागा प्लॅस्टिसिनसारख्या मऊ मातीने बुजवून पृष्ठभागाशी सपाट करतात. लगच्या पुढच्या, दोन्ही बाजूंच्या आणि खालच्या अंगांना पातळ चिकटपट्टी लावतात. ती नंतर काढली की तेथे फट राहते, त्यामुळे अ‍ॅक्शन पुन्हा सहज काढता-घालता येते. मागच्या अंगाला मात्र पट्टी लावायची नसते, कारण धक्का तेथेच पेलायचा असतो.

चिकटू न देणारा लेप अ‍ॅक्शन, लग आणि नळीचा मागचा भाग यांवर देतात. स्क्रूंच्या आट्यांवरही तो लागतो आणि नेमका तेथेच विसरला जातो. त्यासाठी खास फवारे मिळतात. मेणयुक्त बूट पॉलिशही पुष्कळजण वापरतात आणि ते पुरेसे ठरते. राळ कालवण्यापूर्वी अ‍ॅक्शन एकदा कोरडीच बसवून पाहिल्यास चिकटपट्टी वा माती कोठे आड येते ते आधीच कळते. राळ कालवल्यावर विचाराला वेळ उरत नाही.

राळ भरणे

या कामासाठी पातळ गोंदापेक्षा लोण्यासारखे घट्ट इपॉक्सी सोयीचे, कारण ते ओघळत नाही. ब्राउनेल्सचे अ‍ॅक्राग्लास जेल, डेव्हकॉनची पोलादचूर्णयुक्त पुट्टी आणि मरीन-टेक्स ही प्रचलित नावे आहेत. दोन घटकांचे प्रमाण उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच ठेवावे लागते. हार्डनर जास्त घातल्याने राळ अधिक बळकट होते हा समज चुकीचा आहे. प्रमाण बिघडले की ती मऊ किंवा ठिसूळ राहते.

मिश्रण हवा न कोंडता सावकाश कालवून आधी लगच्या खाचेत तळापासून भरतात आणि मग उरलेल्या बैठकीवर पसरतात. अ‍ॅक्शन सरळ खाली दाबली की जास्तीची राळ कडांनी वर येते. येथे स्क्रू करकचून आवळण्याचा मोह होतो. तसे केल्यास अ‍ॅक्शन वाकते आणि राळ त्या वाकलेल्या आकाराचाच साचा घेते. जो ताण घालवण्यासाठी एवढा खटाटोप, तोच कायमचा कोरला जातो. म्हणून स्क्रूंऐवजी बिनडोक्याचे मार्गदर्शक खिळे वापरून अ‍ॅक्शन फक्त जागेवर धरतात आणि रबरी नळी किंवा चिकटपट्टी हलकेच गुंडाळतात. नळी दस्त्याच्या मधोमध राहावी म्हणून तिच्या पुढच्या भागावर टेपचे वेढे देतात.

बाहेर आलेली राळ ओली असतानाच पुसतात. काही तासांनी ती रबरासारखी झाली की उरलेल्या कडा धारदार पात्याने स्वच्छ कापता येतात. पूर्ण घट्ट होण्यास सामान्य तापमानात साधारण २४ तास लागतात. थंडीत याहून अधिक.

सुटी करणे आणि तपासणी

पहिल्यांदा अ‍ॅक्शन सहजासहजी सुटत नाही, आणि ते चांगले लक्षण आहे. नळीला वरच्या दिशेने रबरी हातोडीचे हलके ठोके देतात. तरीही न सुटल्यास संपूर्ण रायफल काही तास फ्रीझरमध्ये ठेवतात. पोलाद आणि इपॉक्सी थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे त्यांची पकड सुटते. स्क्रूच चिकटला असेल, तर त्याच्या डोक्यावर तापलेली सोल्डरिंगची सळई काही मिनिटे टेकवून राळ मऊ करता येते.

साच्यातील लहान बुडबुड्यांनी काही बिघडत नाही. मोठ्या पोकळ्या असल्यास पृष्ठभाग खरवडून राळेचा दुसरा, पातळ थर देता येतो. स्क्रूंची भोके थोडी रुंद करतात, जेणेकरून स्क्रूच्या बाजूंना दस्ता टेकणार नाही. रायफल जोडल्यावर चाप, सुरक्षा कळ आणि बोल्ट मोकळेपणाने चालतात की नाही हे रिकाम्या अवस्थेत वारंवार तपासणे अत्यावश्यक आहे. वाहून गेलेला राळेचा एक कण चापाच्या यंत्रणेत अडकला, तर ती रायफल धोकादायक ठरते. पिलर असलेल्या दस्त्यात स्क्रू सुमारे ७ न्यूटन-मीटर, तर नुसत्या लाकडी दस्त्यात सुमारे ५ न्यूटन-मीटर बलाघूर्णाने आवळण्याची प्रथा आहे. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असल्यास तोच पाळतात. शेवटी डायल गेजची चाचणी पुन्हा करतात.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार इतरांची शस्त्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करणाऱ्याला संघीय परवाना लागतो. स्वतःच्या रायफलीचे बेडिंग करण्यास तो लागत नाही. भारतातील परिस्थिती वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये शस्त्रांची निर्मिती आणि विक्री यांबरोबरच दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी यांसाठीही स्वतंत्र परवान्याची तरतूद आहे. शस्त्र बाळगण्याचा परवाना हा त्या परवान्याहून निराळा असतो. त्यामुळे भारतातील परवानाधारकाने असे काम परवानाधारक शस्त्र दुरुस्तीकाराकडूनच करवून घेणे इष्ट असते.