अनेक वर्षांनी पुन्हा ब्रास वाद्य हाती घेताना: ड्रम कोअरच्या माजी वादकांनी कोणती काळजी घ्यावी?

अमेरिकेत 'ड्रम कोअर' हा वाद्यवृंदाचा एक खास प्रकार आहे. ट्रम्पेट, मेलोफोन, बॅरिटोन, ट्यूबा यांसारखी फुंकून वाजवायची ब्रास वाद्ये, ड्रम आणि झेंडे घेतलेले कलाकार मोठ्या मैदानावर चालत, कधी धावत कार्यक्रम सादर करतात. 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली झाली. या स्पर्धांतील तरुणांच्या पथकांत साधारण एकविसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंतच भाग घेता येतो. नंतर नोकरी, संसार, मुले यांत वाद्य पेटीत पडून राहते. पुढे जुन्या पथकाचा एखादा वर्धापन सोहळा ठरतो, 'माजी वादकांचे पथक' तयार होते आणि पन्नाशी-साठीतली माणसे पुन्हा वाद्य हाती घेतात.

हा निर्णय आनंदाचा आहे. मित्र भेटतात, व्यायाम होतो, मन रमते. मात्र तीस वर्षांपूर्वीचे शरीर आता राहिलेले नसते. हा लेख अशा वादकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो उपयोगी पडेलच. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये, पोलीस किंवा लष्करी बँडमध्ये पूर्वी वाजवलेल्या आणि आता पुन्हा सुरुवात करणाऱ्या वादकांनाही यातला बहुतेक सल्ला लागू होतो.

मुख्य अडचण: आठवण लवकर येते, ताकद उशिरा

वाद्य हातात घेताच बोटे आपोआप चालू लागतात. जुनी धून आठवते. शिकलेल्या हालचाली मेंदूत दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे असे होते. ओठांचे स्नायू, श्वासाचे स्नायू, खांदे आणि पाठ यांची ताकद मात्र वापर थांबला की काही आठवड्यांतच कमी होऊ लागते. ती परत यायला दोन-तीन महिने लागतात. पहिल्या दोन-चार आठवड्यांत जी सुधारणा दिसते, ती मुख्यतः मेंदू आणि नसांचा मेळ पुन्हा बसल्यामुळे असते. स्नायू खरे बळकट व्हायला त्यापुढचा काळ लागतो.

बहुतेक दुखापती याच मधल्या काळात होतात. 'जमतंय की!' असे वाटून वादक तासभर जोरात वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजतात. म्हणून कार्यक्रमाच्या किमान तीन महिने आधी सुरुवात करावी.

सुरुवात करण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

वय चाळीसच्या पुढे असेल किंवा कोणताही जुना आजार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. 'मी वाद्य वाजवणार आहे' एवढेच सांगू नका. 'उन्हात, वजन उचलून, चालत, जोरात फुंकणार आहे' असे स्पष्ट सांगा.

- रक्तदाब, रक्तातील साखर आणि गरजेनुसार ईसीजी. चालताना छातीत दडपण येत असेल किंवा धाप लागत असेल तर हृदयाची तपासणी आधी, सराव नंतर.
- डोळे: काचबिंदू आहे का, घरात कुणाला होता का, हे पाहणे गरजेचे आहे.
- दात: पुढचे दात हलत असतील, हिरड्या सुजल्या असतील, कवळी किंवा इम्प्लांट बसवले असेल तर दंतवैद्याला माउथपीस दाखवून सल्ला घ्या.
- पोट: जांघेत किंवा बेंबीजवळ फुगवटा येतो का? तो हर्निया असू शकतो. पोटाची शस्त्रक्रिया झाली असल्यास सर्जनच्या परवानगीशिवाय फुंकायला सुरुवात करू नका.
- कान: एकदा श्रवणचाचणी करून घ्या. पुढे तुलना करायला ती उपयोगी पडते.

जोरात फुंकल्याने शरीरात काय होते?

उंच स्वर काढताना वादक तोंड आणि छातीत मोठा दाब तयार करतो. छातीतला दाब वाढला की शरीराकडून हृदयाकडे परतणारे रक्त काही क्षण कमी होते. मग मेंदूचा रक्तपुरवठा थोडा घटतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तरुणपणीही हे होत असे, पण शरीर लगेच सावरत असे. वय वाढल्यावर, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना किंवा पाणी कमी प्यायलेले असताना, भोवळ येऊन पडण्याची शक्यता वाढते. लांब उंच स्वर उभ्याने वाजवण्याआधी काही आठवडे बसून सराव करावा, तो यासाठीच.

ट्रम्पेटसारख्या वाद्यात उंच स्वर जोरात वाजवताना डोळ्यांतील दाबही वाढतो आणि थांबल्यावर पुन्हा खाली येतो. निरोगी डोळ्यांना याचा सहसा त्रास होत नाही. काचबिंदूच्या रुग्णांनी मात्र नेत्रतज्ज्ञांना हे आवर्जून सांगावे. मोतीबिंदूची किंवा पडद्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर पुन्हा कधी फुंकायचे, हे त्यांनाच विचारावे.

दाबामुळे पोटातील आम्ल वर येऊन जळजळ होऊ शकते. सरावाआधी दोन तास भरपेट जेवू नये. काही स्त्रियांना, विशेषतः बाळंतपणे झालेल्यांना, फुंकताना थोडी लघवी निसटते. यात लाजण्यासारखे काही नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतल्यास बहुतेकींना फायदा होतो.

ओठांची काळजी

ओठांभोवती वर्तुळाकार स्नायू असतो. ब्रास वादकाचा सगळा खेळ या स्नायूवर चालतो. तो थकला की वादक नकळत माउथपीस ओठांवर दाबू लागतो. ओठ एका बाजूला धातू आणि दुसऱ्या बाजूला दात यांच्यात चेपले जातात, तिथला रक्तप्रवाह कमी होतो आणि सूज येते. स्वर निघतो, पण त्याची किंमत ओठ मोजतात.

थांबण्याची वेळ झाल्याची चिन्हे अशी:

- स्वरात हवेचा फुसफुस आवाज मिसळणे
- नेहमी सहज निघणारा खालचा स्वर थरथरणे
- उंच स्वरासाठी वाद्य तोंडाकडे ओढावे लागणे
- ओठ बधिर वाटणे

यापैकी एकही दिसले की त्या दिवशी थांबा. हलकी सूज आणि जडपणा एक-दोन दिवसांत जातो. एकाच जागी टोचून दुखले, ओठात खळगा जाणवला किंवा आठवडा-दोन आठवडे विश्रांती घेऊनही स्वर धरता येत नसेल, तर स्नायूला इजा झालेली असू शकते. या स्नायूच्या फाटण्याला प्रसिद्ध ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या टोपणनावावरून 'सॅचमो सिंड्रोम' म्हणतात. हे क्वचित घडते, पण 'वाजवून वाजवून बरे होईल' असे त्यात होत नाही.

रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर ओठांवर काळेनिळे डाग लवकर पडतात. ओठांवर नागीणसदृश पुटकुळ्या असतील तर त्या पूर्ण सुकेपर्यंत वाजवू नका आणि माउथपीस कुणाला देऊ नका.

माळ्यावरचे जुने वाद्य

वर्षानुवर्षे बंद असलेल्या वाद्याच्या नळ्यांत बुरशी आणि जंतू वाढलेले असू शकतात. वाजवताना खोल श्वासाबरोबर ते फुप्फुसात जातात. अस्वच्छ ट्रम्बोनमुळे फुप्फुसाला ॲलर्जीची सूज आल्याची आणि वाद्य नियमित साफ केल्यावर रुग्ण बरा झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. म्हणून वाद्य आधी जाणकाराकडून आतून स्वच्छ करून घ्या. नंतरही नियमित धुवा आणि कोरडे करून ठेवा. सराव सुरू केल्यावर आठवडेच्या आठवडे कोरडा खोकला, धाप किंवा बारीक ताप राहिला, तर डॉक्टरांना वाद्याबद्दल नक्की सांगा.

वजन, ऊन आणि आवाज

ट्रम्पेटचे वजन किलो-दीड किलो असते, पण खांद्यावर घ्यायचा मार्चिंग ट्यूबा दहा किलोंपेक्षा जड असू शकतो. तो नेहमी एकाच खांद्यावर येत असल्यामुळे मान आणि कंबर दुखतात. गुडघे, कंबर किंवा खांद्याचा जुना त्रास असेल तर हलके वाद्य मागून घ्या किंवा उभ्याने वाजवणाऱ्या गटात राहा. माजी वादकांच्या पथकात अशी मागणी करण्यात कमीपणा नाही.

ड्रम कोअरचा हंगाम उन्हाळ्यात असतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी दुपारभर मैदानात थांबू नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे शरीरातील पाणी कमी होते. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्यांमुळे नाडी वाढत नाही आणि लवकर थकवा येतो. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारून वेळ किंवा मात्रा बदलता येते का ते पाहा. मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, सरावाआधी साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी.

आवाजाबाबत एक हिशेब लक्षात ठेवा. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त सुमारे १५ मिनिटे! ब्रास आणि ड्रमच्या मधोमध उभे राहिल्यावर ही पातळी सहज गाठली जाते. वादकांसाठी खास इअरप्लग मिळतात. त्यांत सुरांचा समतोल बिघडत नाही, फक्त आवाज कमी होतो.

बारा आठवड्यांचा ढोबळ आराखडा

- आठवडा १-२: दिवसातून दोनदा १० मिनिटे, बसून. मधले आणि खालचे स्वर, हळू आवाजात. जितके वाजवाल तितकीच विश्रांती. रोज २०-३० मिनिटे चालणे.
- आठवडा ३-६: दिवसाला एकूण २०-३० मिनिटे, दोन भागांत. लांब स्वर. उंचीकडे आठवड्याला एखाददुसराच स्वर पुढे. न वाजवता वाद्य धरून उभे राहण्याचा थोडा सराव.
- आठवडा ७-१०: ४५ ते ६० मिनिटे. उभ्याने वाजवणे, जागच्या जागी पावले टाकणे. पाठ आणि खांद्यांचे व्यायाम.
- आठवडा ११-१२: पूर्ण तालीम. मोठ्या तालमीनंतरचा दिवस ओठांना सुट्टी.

एखाद्या टप्प्यावर त्रास झाला तर आठवडाभर मागच्या टप्प्यावर या.

जुन्या वादकांना आणखी एक बदल जाणवेल. पूर्वी 'जी' स्वरातील बिगुल असत. २००० सालापासून ड्रम कोअर इंटरनॅशनलने इतर स्वरांतील वाद्यांनाही परवानगी दिली. बोटांच्या जागा आणि फुंकताना लागणारा जोर दोन्ही वेगळे वाटतात. तो फरक ताकदीने भरून काढू नका, सवय होऊ द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मला दमा आहे. वाजवता येईल का?*
दमा आटोक्यात असेल तर बहुतेकांना येते. रोजचा इनहेलर चुकवू नका आणि तातडीचा इनहेलर मैदानावर जवळ ठेवा.

*हृदयात स्टेंट आहे. काय करावे?*
'नाही' असे सरसकट उत्तर नाही. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांकडून व्यायामाची चाचणी करून किती श्रम चालतील हे ठरवून घ्या.

*वडील ऐकत नाहीत, रोज दोन तास वाजवतात. कसे समजवावे?*
'आता वय झाले' असे म्हणू नका. त्याने माणूस दुखावतो आणि त्रास लपवू लागतो. त्याऐवजी, 'कार्यक्रमाच्या दिवशी ओठ ताजे राहायला हवेत' असे सांगा. वादकाला हे पटते. तालमीला पाणी, टोपी आणि औषधांची यादी बरोबर द्या.

ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नका

- छातीत दुखणे किंवा दडपण, ते हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे
- शुद्ध हरपणे
- अचानक दृष्टी कमी होणे, डोळ्यात तीव्र वेदना
- चेहरा वाकडा होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
- उन्हात असंबद्ध बोलणे, अंग तापणे. अशा वेळी रुग्णाला लगेच सावलीत नेऊन गार पाण्याने अंग थंड करा
- हर्नियाचा फुगवटा आत न जाणे, दुखणे, उलट्या होणे

अशा वेळी अमेरिकेत ९११, भारतात १०८ किंवा ११२ या क्रमांकावर ताबडतोब मदत मागा.

थोडक्यात

पुन्हा वाद्य वाजवायला वयाची आडकाठी नाही, घाईची आहे. तपासणी आधी करा, सराव थोडा पण रोज ठेवा आणि ओठ थकण्यापूर्वी थांबा. औषधे चालू असतील तर डॉक्टरांना संपूर्ण बेत सांगा. हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या प्रकृतीनुसार निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.