शेडकार्डचा रंग आणि थानाचा रंग : ऑफिसच्या लेझर प्रिंटरकडून खरा रंग कसा काढावा?

कापडाचा सौदा भाव, माप आणि रंग या तीन गोष्टींवर ठरतो. भावाची घासाघीस समोरासमोर होते. माप मीटरपट्टीने मोजता येते. रंगाला मात्र पट्टी नाही, तो डोळ्यावर आणि विश्वासावर चालतो. म्हणूनच आपल्या बाजारात परत येणाऱ्या मालाबद्दल सर्वात जास्त वाद रंगावरूनच होतात.

पूर्वी ठोक व्यापारी कापडाचे लहान तुकडे चिकटवलेले कार्ड घेऊन गावोगाव फिरत असे. आता बिझीलँड, सिटीलँडमधील लहान दुकानातही संगणक आहे, त्याला जोडलेला कलर लेझर प्रिंटर आहे. नवा लॉट आला की मोबाईलवर फोटो काढायचा, बारा-पंधरा शेड एका पानावर मांडायच्या, पंचवीस प्रती छापायच्या आणि अकोल्याच्या जुन्या कापड बाजारापासून दर्यापूर, मूर्तिजापूरपर्यंत पाठवून द्यायच्या. काम झटपट होते. पण कार्डावरचा राणी रंग आणि थानाचा राणी रंग यांत फरक निघाला, की चिल्लर दुकानदार माल परत करतो. त्याचे तरी काय चुकले? त्याने जो रंग पाहिला तोच मागितला होता.

समजा, रमजानच्या हंगामात चाळीस थान असे परत आले. जाण्या-येण्याचे भाडे, हमाली आणि पुन्हा घडी घालण्याची मजुरी हा खर्च तर झालाच, पण ईद होऊन गेल्यावर त्या रंगाला विचारतो कोण? अमरावती-अकोला रस्त्याचे ७५ किलोमीटरचे डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत होऊन जागतिक विक्रमात नोंदले गेले. पार्सल आता लवकर पोहोचते. त्यासोबत रंगही खरा पोहोचावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

पडद्याचा रंग वेगळा, कागदाचा वेगळा

मोबाईलचा किंवा संगणकाचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. तांबडा, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश कमी-जास्त मिसळून तो सर्व रंग दाखवतो. तिन्ही पूर्ण मिळाले की पांढरा दिसतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्यावर पडलेला उजेड परत आपल्या डोळ्यात येतो आणि मधला टोनर त्यातला काही भाग खाऊन टाकतो. म्हणून प्रिंटरमध्ये आकाशी, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार टोनर असतात. एक प्रकाश वाढवून रंग करतो, दुसरा प्रकाश घटवून. या दोघांचे गणितच निराळे आहे.

याचा परिणाम असा की पडद्यावर दिसणारे काही रंग चार टोनरमधून निघतच नाहीत. भडक पोपटी, लख्ख नारिंगी, फिरोजी आणि चमकदार राणी हे कागदावर बसके दिसतात. गडद निळा जांभळ्याकडे झुकतो. रात्री चमकल्यासारखे दिसणारे फ्लोरोसंट रंग तर मुळीच येत नाहीत. जरीची आणि साटीनची झळाळीही टोनरला जमत नाही. हा मशीनचा बिघाड नव्हे, ही तिची मर्यादा आहे. मर्यादा कळली की निम्मा त्रास वाचतो, कारण त्या शेडसाठी छापील चौकोनावर विसंबून न राहता कापडाचा तुकडा लावावा हे आधीच ठरवता येते.

टोनर म्हणजे शाई नव्हे. ती प्लास्टिकची बारीक रंगीत भुकटी आहे. अमेरिकेत चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी विजेच्या भाराने कोरडी भुकटी कागदावर उमटवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग केला. पुढे झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी त्याला लेझर किरणांची जोड दिली आणि १९७७ मध्ये त्या कंपनीचा लेझर प्रिंटर बाजारात आला. आजही तत्त्व तेच आहे. ड्रमवर लेझरने चित्र उमटते, त्याला भुकटी चिकटते, ती कागदावर उतरते आणि तापलेला रूळ तिला वितळवून पक्की करतो. या प्रत्येक पायरीवर रंग बदलू शकतो.

मशीनची तयारी

सकाळी मशीन सुरू केल्याबरोबर शेडकार्ड काढू नये. आधी दहा-पंधरा साधी पाने काढून ती तापू द्यावी. नंतर तिच्या मेनूत रंग जुळवणीची सोय असते, तिला कॅलिब्रेशन म्हणतात, ती चालवावी. मशीन आतल्या पट्ट्यावर चारही रंगांचे ठिपके काढून त्यांचा दाटपणा स्वतः तपासते आणि कमी-जास्त दुरुस्त करते. टोनर किंवा ड्रम बदलल्यावर, मशीन जागेवरून हलवल्यावर आणि हवामान पालटल्यावर हे जरूर करावे. मात्र एक ध्यानात ठेवावे. कॅलिब्रेशनने मशीन तिच्या स्वतःच्या ठरलेल्या मापावर येते. तुमचे थान तिने पाहिलेले नाही. ते काम माणसालाच करावे लागते.

टोनर वाचवण्याची सोय शेडकार्डाच्या वेळी बंद ठेवावी. छपाईचा दर्जा सर्वात वरचा निवडावा. चारही टोनर एकाच बनावटीचे असावेत. तीन मूळ कंपनीचे आणि चौथा भरून घेतलेला, असा मेळ घातला तर तपकिरी, बदामी आणि मेहंदी हे मिश्र रंग हमखास बिघडतात. भरलेला टोनर वापरायचाच असेल तर चारही तसेच घ्यावेत आणि दरवेळी एकाच ठिकाणाहून घ्यावेत.

कागद हा पाचवा रंग

छपाईत पांढरा टोनर नसतो. पांढरेपणा कागदच देतो, म्हणून कागद हा पाचवा रंग समजावा. साध्या झेरॉक्स कागदावर रंग खरबरीत आणि कोमेजलेला येतो. १०० ते १२० ग्रॅम वजनाचा, गुळगुळीत, लेझरसाठी बनवलेला कागद घ्यावा. काही कागद निळसर पांढरे दिसतात, कारण त्यांत उजाळा देणारे रसायन असते. त्यावर मोतिया, बदामी या हलक्या शेड थंड वाटतात. पिवळसर कागदावर याच शेड ऊबदार वाटतात. एकच जात ठरवून तीच कायम ठेवावी.

कागद बदलला की संगणकातील कागदाचा प्रकारही बदलावा. जाड कागद घालून सेटिंग साधे ठेवले तर भुकटी नीट वितळत नाही आणि नखाने खरवडली की निघते. इंकजेटसाठी असलेला चकचकीत फोटो कागद लेझरमध्ये कधीही घालू नये. आतला रूळ दोनशे अंशांच्या आसपास तापतो. त्या कागदाचा लेप वितळून रुळाला चिकटला तर दुरुस्तीचा खर्च शेडकार्डाच्या शेकडो प्रतींपेक्षा जास्त होतो.

आपल्या वऱ्हाडच्या हवेचाही विचार करावा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हवा कोरडी ठाक होते, कागदात वीज भरते आणि दोन-दोन पाने एकदम ओढली जातात. श्रावणात कागद ओल धरतो आणि रंग ठिगळ-ठिगळ उतरतो. रिम उघडल्यावर उरलेला कागद त्याच्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवावा.

फोटो आणि फाईल

रंग बिघडण्याची सुरुवात बहुधा फोटोतच होते. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो हिरवट येतो, पिवळ्या बल्बखाली तांबूस येतो आणि मोबाईल आपल्या मनाने त्यात आणखी दुरुस्ती करतो. थान दुकानाच्या दाराशी, सावलीत पण दिवसाच्या भरपूर उजेडात ठेवावे आणि शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढावा. संगणकावर तो कागद पांढरा दिसेल असे आधी करून घ्यावे, मग कापडाचा रंग बराचसा ठिकाणावर येतो.

संगणक आणि प्रिंटर यांनी एकमेकांची भाषा समजावी म्हणून १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय रंग संघ स्थापन झाला आणि १९९६ मध्ये एचपी व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी एसआरजीबी हे सामाईक माप पुढे आणले. ऑफिसच्या प्रिंटरसाठी फाईल याच मापात ठेवावी. डीटीपीवाला सवयीने ती चार रंगांत बदलून देतो आणि प्रिंटरचा ड्रायव्हर तिला पुन्हा आपल्या पद्धतीने बदलतो. दोन वेळा अनुवाद झाला की मूळ अर्थ हरवतो, तसेच रंगाचे होते. रंग सांभाळण्याचे काम एकाकडेच द्यावे, मग तो प्रोग्राम असो की ड्रायव्हर.

नऊ चौकोनांची युक्ती

रंग मोजण्याचे स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचे यंत्र मिळते, पण लहान व्यापाऱ्याला ते परवडणारे नाही. त्याऐवजी ही पद्धत वापरावी. समजा मेहंदी रंग जुळवायचा आहे आणि फाईलमध्ये त्याचे आकडे तांबडा ११०, हिरवा १०५, निळा ५० असे आहेत. एका पानावर नऊ चौकोन काढावेत. मधल्यात हेच आकडे भरावेत. सहा चौकोनांत तिन्हींपैकी एकेक आकडा आळीपाळीने १० ने वाढवावा व १० ने कमी करावा. उरलेल्या दोनपैकी एकात तिन्ही आकडे १० ने वाढवावेत, दुसऱ्यात तिन्ही कमी करावेत. पान छापून त्यावर थानाचा तुकडा ठेवावा आणि सर्वात जवळचा चौकोन निवडावा. मग तो मध्ये घेऊन ५-५ च्या फरकाने पुन्हा नऊ चौकोन काढावेत. बहुतेक शेड दोन-तीन पानांत जुळून येतात.

ही पारख दुपारच्या आत, दिवसाच्या उजेडात करावी आणि नंतर ट्यूबलाइटखाली पुन्हा पाहावी. काही जोड्या एका उजेडात एकसारख्या दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फाकतात. मॅचिंग दुपट्टे रंगवून देणाऱ्या आपल्या रंगरेज बांधवांना हे नवे नाही. ते कापड उचलून दुकानाबाहेर उन्हात का नेतात, याचे कारण हेच आहे. शक्य असेल तर त्यांच्यापैकी एखाद्या जाणत्याकडून पारख करून घ्यावी. त्या डोळ्याची किंमत यंत्रापेक्षा कमी नाही.

जुळलेले आकडे वहीत लिहावेत: शेड नंबर, तीन आकडे, कागदाची जात, टोनर आणि तारीख. पुढच्या हंगामात हीच वही भांडवल ठरते. हे आकडे फक्त छपाईसाठी आहेत, हेही त्यात लिहून ठेवावे. तीच फाईल व्हॉट्सॲपवर पाठवली तर पडद्यावर रंग चुकीचा दिसेल. आणि हजारो कार्डे ऑफसेट प्रेसवर छापायची असतील, तर लेझरची प्रत दाखवून भागत नाही. प्रेसचा स्वतंत्र नमुना मागून घ्यावा.

नमुना ही जबाबदारी आहे

इतके करूनही कागद हा कागद आणि कापड हे कापड. म्हणून प्रत्येक शेडखाली एक इंचाचा तुकडा चिकटवावा, निदान वर सांगितलेल्या अवघड रंगांना तरी. कार्डावर आणि बिलावर ठळक लिहावे: रंगासाठी कापडी तुकडा अंतिम मानावा.

कायदाही हेच पाहतो. १९३० च्या माल विक्री कायद्यात नमुन्यावरून झालेल्या विक्रीसाठी कलम १७ आहे. माल नमुन्याशी जुळला पाहिजे आणि खरेदीदाराला दोन्ही ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, असे ते सांगते. आपल्या फिकहमध्ये ही गोष्ट शतकांपूर्वीच आलेली आहे. हनफी मतानुसार न पाहिलेला माल विकत घेणाऱ्याला तो पाहिल्यावर सौदा ठेवण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार असतो, त्याला खियारे रुइयत म्हणतात. मालात ऐब निघाल्यास परत करण्याचा अधिकार वेगळा आहे. म्हणजे माल परत करणारा दुकानदार भांडखोर नसतो, तो आपला हक्क वापरत असतो.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, हा त्यांचा सवाल होता. वरून सुंदर छापलेले कार्ड आणि आत वेगळ्या रंगाचे थान, याला तो सवाल लागू होत नाही काय? माप कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात एक पूर्ण सूरह आहे. रंगात फसवणेही मापात मारण्यासारखेच आहे, मग ते मशीनच्या आड का होईना.

नांदगाव पेठेत मोठे वस्त्रोद्योग पार्क उभारण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणीही झाली. परप्रांतातील खरेदीदार आपल्याशी सौदे करू लागतील, तेव्हा ते आधी कार्ड पाहतील, नंतर माल. दोन्हींचा रंग एक निघाला तर ते पुन्हा येतील. घरात संगणक शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांच्या हाती हे काम सोपवावे, रंगाची वही सोपवावी आणि कार्डावर दाखवलेला रंग ही ग्राहकाची अमानत आहे, हेही सोबत सांगावे. धंद्याची बरकत यातच आहे.