गहू ज्यांना सोसत नाही

आपल्या मराठवाड्यातील काही मुलेमुली शिकवणीसाठी हैदराबादला जातात आणि दिलसुखनगरच्या वसतिगृहांत राहतात. निघताना आई डब्यात शंकरपाळे आणि करंज्या भरून देते. पण मुलाला सिलियाक हा आजार असेल, तर मायेने दिलेला हाच डबा त्याला आजारी पाडतो. या आजारावर अजून गोळी नाही. पथ्य हेच औषध, आणि ते औषध बहुतेक आपल्या शेतात पिकते. म्हणून या अंकात आम्ही त्याची माहिती देत आहोत.

हा आजार कोणता?

गहू, जव (म्हणजे सातू) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली चोळत राहा. पांढरे सत्त्व वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो, तो बहुतांशी ग्लुटेनचाच. त्याच्यामुळे पोळी लाटता येते व पाव फुगतो. ज्वारीत असला चिवटपणा नाही, म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्याने मळून ती थापावी लागते.

आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नरस ती शोषून घेते. सिलियाक असलेल्याच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा बिथरते आणि स्वतःच्याच आतड्यावर उलटते. लव झडते. मग कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही.

हा आजार संसर्गाने होत नाही. करणी-भानामतीचाही त्यात काही संबंध नाही. त्याचा कल रक्तातून येतो. घरात एकाला असेल तर आईवडील, भावंडे व मुले यांपैकी दहांत सुमारे एकाला तो असू शकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत उत्तर भारतात हजारी आठ-नऊ जणांना, तर दक्षिणेत दहा हजारांत सुमारे एकालाच हा आजार आढळला. दक्षिणेत गहू फारच कमी खाल्ला जात होता, हेही त्या पाहणीत दिसले. पण आता आपल्याकडेही भाकरीची जागा पोळी, पाव व बिस्किटे घेत आहेत. तेव्हा बेफिकीर राहून चालणार नाही.

गव्हाचा हा दोष हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे पाव मिळेनासा झाला. उपासमार सुरू झाली, तरी त्यांचे हे छोटे रोगी सुधारले. पाव परत आला आणि ते पुन्हा आजारी पडले. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध मांडला.

कसे ओळखावे?

मूल वाढत नाही, पोट फुगलेले आणि हातपाय काड्यांसारखे, वरचेवर हगवण, ही लहानपणची लक्षणे. मोठ्यांत मात्र हगवण नसतेही. लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही, तोंड सारखे येते, हाडे ठिसूळ होतात, सतत थकवा असतो, कधी मूलबाळ होण्यास अडचण येते. अशा सुनेला किंवा मुलीला ‘नाजूक’ म्हणून बोल लावण्याआधी तिची तपासणी करा.

आधी रक्ताची टी. टी. जी. ही तपासणी होते. मग डॉक्टर दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा घेऊन तपासतात. हैदराबादेत उस्मानिया रुग्णालयात व निम्स या संस्थेत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. एक चूक मात्र करू नका. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू आधीच सोडला तर रक्तात खूण सापडत नाही आणि निदान फसते.

निदान झाल्यावर गहू जन्मभर बंद. ‘सणाला एक पोळी चालेल’ असे म्हणू नये. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होऊ शकते, आणि एका पोळीत त्याच्या पन्नासपटीहून अधिक असते.

दिलसुखनगरच्या खानावळीत

परगावी गेलेल्या मुलाने काय खावे? इडली, डोसा, पेसरट्टू, भात, वरण, भाजी, दही, अंडी, मासे, मटण हे सारे मुळात चालणारे पदार्थ आहेत. पण उपमा चालत नाही, कारण तो गव्हाच्या रव्याचा. तेलंगणात त्या रव्याला बोंबाय रव्वा म्हणतात. इडली रव्वा मात्र तांदळाचा असतो. दोन्ही नावांत रवा आहे, म्हणून विचारून घ्यावे. तेलुगूत गव्हाला गोधुमलु म्हणतात, एवढा शब्द तरी पाठ असू द्यावा.

पोळी, पुरी, नान आणि चहाबरोबरचे उस्मानिया बिस्किट वर्ज्य. हलीम तर गहू घालूनच शिजवतात. चायनीज गाडीवरील सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. सांबारातील हिंगाकडे कोणाचे लक्ष जात नाही, पण बाजारच्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. मिरची भजी बेसनाची असली तरी समोसे तळलेल्या तेलात निघाली असतील तर नकोत.

आपल्या मुलाला आधार देणारी गोष्टही तेथेच आहे. हैदराबादेत संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बायका ज्वारीच्या भाकरी थापून विकतात. तिकडे तिला जोन्न रोट्टे म्हणतात. त्याच परातीत नि तव्यावर चपातीही होते का, एवढे विचारावे आणि निर्धास्त झाल्यावर पोटभर खावी.

शेतापासून तव्यापर्यंत

ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, वरी, राळा, राजगिरा आणि तांदूळ यांत सिलियाकला बाधणारे ग्लुटेन नसते. खपली हा मात्र गहूच आहे. ‘जुने देशी वाण, ते बाधत नाही’ या समजुतीवर विसंबू नका. लापशी, शेवया, गव्हाच्या कुरडया आणि गहू घातलेली भाजणीही टाळावी.

शेतकऱ्यांनी लक्षात घ्यावे की रब्बी ज्वारी आणि गहू यांची सुगी जवळजवळ एकाच वेळी येते. तेच मळणी यंत्र, तेच खळे, तीच पोती. घरच्या रोग्यासाठी ज्वारी गव्हाच्या आधी मळून घ्यावी, किंवा यंत्र नीट झाडून पहिली एक-दोन पोती वेगळी काढावीत. धान्य नव्या पोत्यात भरावे.

पुढचा धोका गिरणीत. गव्हानंतर दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ येतेच. ज्वारीत गव्हाचा दाणा पडला तर डोळ्यांना दिसतो, पीठ पडले तर दिसत नाही. म्हणून पीठ विकत न घेता धान्य घ्या, निवडा, धुऊन वाळवा आणि त्याच कामासाठी राखलेल्या जात्यावर किंवा घरगुती चक्कीवर दळा. परात, चाळणी व लाटणे वेगळे ठेवा. पाकिटातील पदार्थ घ्यायचा असेल तर त्यावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापलेले पाहा. अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन नसावे, असा नियम आहे.

नुसत्या भाकरीवर मात्र राहू नये. ज्वारीवर भागवणाऱ्या गरीब मजुरांना पेलाग्रा हा कातडीचा व पोटाचा रोग का होतो, याचा अभ्यास हैदराबादेतच झाला. डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी त्यावर १९६० साली लिहिले. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, पालेभाजी, दूध व अंडी हवीतच.

मिस्सेतील भाकर

आता एक नाजूक प्रश्न. मिस्सेतील पवित्र भाकर गव्हाचीच असते. चर्चच्या नियमाप्रमाणे गहू नसलेली भाकर चालत नाही. २००३ साली व पुन्हा २०१७ साली रोमने हे स्पष्ट केले, पण वाटही दाखवली. अत्यल्प ग्लुटेन असलेली गव्हाची भाकर ग्राह्य आहे. तीही सोसत नसेल तर रोग्याने केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घ्यावे. तेही पूर्ण कम्युनियनच होय. धर्मगुरू आपल्या प्याल्यात भाकरीचा कण टाकतात, म्हणून रोग्यासाठी वेगळा प्याला हवा. लाजेखातर मागच्या बाकावर बसून राहू नका. आधी फादरांना भेटा. परवानगी लागल्यास ते बिशपांना विचारतील.

वाचकहो, पाहुण्यांपुढे पोळी आणि गड्यापुढे भाकरी, अशी रीत आपण कधीतरी पाडून घेतली. आपल्या घरी जेवायला येणाऱ्यांपैकी एखाद्याला या भाकरीवरच जन्म काढायचा असेल. तेव्हा पुढच्या नाताळात करंज्यांच्या ताटाशेजारी राजगिऱ्याचे लाडू आणि तांदळाची बोरेही ठेवा, आणि त्या ताटातला चमचा वेगळा असू द्या.